लाईट गेली म्हणून सापडलं

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला धूळ म्हणजे काय हे वेगळं शिकावं लागत नाही. इतर गावांत कॅबिनेट उघडलं की माती निघते, आमच्याकडे कापूस निघतो. यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस, मध्ये एक दार, आणि ते दार कायम उघडं. वर्षभरात पंखा आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, यांच्या मधोमध सुताच्या बारीक तंतूंची अशी गादी जमते की चिमट्यानं एक कड धरून ओढली तर अख्खी गोल चकती हातात येते. पापडासारखी.

अशीच एक चकती मी एका कारखान्यात हिशेब बघणाऱ्या दिवाणजींच्या मशीनमधून काढली आणि तिथंच माझा शोध थांबला. कारण सापडलं होतं ना!

तक्रार अशी होती की एरवी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चार नोंदी टाकताना मशीन बरं चालतं, पण पगाराच्या दिवशी हँग होतं आणि कधी कधी फटकन बंद पडतं. पगारपत्रक एक्सेलमध्ये होतं. प्रत्येक कामगाराचे मीटर, पीक (कापडातल्या आडव्या धाग्यांची मोजणी), उचल, कपात, सगळं एकमेकांत गुंतवलेलं. एक आकडा बदलला की दहा पानं हलायची. आधी कुणीतरी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून गेला होता, दुसऱ्या कुणी विंडोज नवीन टाकलं होतं. मी मनात हसलो. कॅबिनेट दुकानात आणलं, ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवीन लावली, हीटसिंक बसवला. टेबलावर दोन तास लोड टाकून, म्हणजे जड काम देऊन, ठेवलं. प्रोसेसरचं तापमान ६४ अंशांच्या वर गेलं नाही. पोच केलं, पैसे घेतले.

आठ दिवसांनी फोन. "ओ भाऊ, परत तसंच करतंय बघा."

मी काय काय सांगितलं ते आता आठवलं तरी लाज वाटते. मे महिना आहे, खोली तापते. टेबलफॅन लावा. बाजूचं पत्र्याचं झाकण काढून ठेवा. उडत्या कापसात झाकण काढून ठेवा म्हणणारा मी! त्यानंही फरक पडेना, तेव्हा मशीन परत दुकानात आणलं. झाकण काढलेलंच होतं, टेबलावर आडवं टाकलं, तापमान बघितलं. ६३. सगळं ठीक. परत पोच केलं. दिवाणजी काही बोलले नाहीत, पण पैसे विचारले तेव्हा नुसतं बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, राहू दे काका.

पुढच्या पगाराच्या दिवशी मीच जाऊन बसलो. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर तिथंच टाकलं. शेजारी चोवीस माग धडधडत होते. एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. दिवाणजी आकडे भरत होते, चहा आला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

माग एकापाठोपाठ एक थांबले. ती शांतता ज्यानं ऐकलीय त्यालाच कळेल, कानात दडे बसल्यासारखं होतं. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू होता. आणि त्या शांततेत टेबलाखालून घोंऽऽ असा आवाज येत होता, मिक्सरवर चटणी वाटावी तसा. पंखा जीव खाऊन फिरत होता. किती महिने तसा फिरत होता कोण जाणे. मागांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?

स्क्रीनवर बघितलं, तापमान ९९. प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झचा, पण चालत होता ०.८ वर. हे तो स्वतःच करतो. शंभरच्या आसपास गेला की जीव वाचवायला वेग उतरवतो, आणि तरीही तापत राहिला तर मशीन सरळ बंद होतं. म्हणजे हँग होणं आणि बंद पडणं हे दोन आजार नव्हतेच.

यूपीएस पीं-पीं करत होता. जेमतेम दहा मिनिटं होती. मी खाली बसलो आणि हीटसिंकच्या ॲल्युमिनियमला बोट लावलं.

गार!

प्रोसेसर ९९ वर आणि त्याच्या छातीवर बसलेला हीटसिंक गार. हा प्रोसेसर पूर्ण लोडवर ५४ वॅटपर्यंत जातो, म्हणजे जुन्या साठच्या पिवळ्या बल्बाला जवळपास टेकतो, आणि ती सगळी उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघते. ती हीटसिंकपर्यंत पोचतच नव्हती. मग पंखा कितीही फिरवा, तो गार धातूलाच वारा घालत होता.

मी कॅबिनेट हळूच आडवं केलं. बोट लावून ठेवलंच होतं. आकडा ९९ वरून ८१, ७२, ६६ असा उतरला आणि बोटाखालचा धातू कोमट झाला. परत उभं केलं. चढला.

हीटसिंक मदरबोर्डवर चार प्लास्टिकच्या पिनांनी बसतो. प्रत्येक पिन 'कट्ट' वाजेपर्यंत दाबायची असते, मग तिचे पाय बोर्डाच्या मागच्या बाजूला फाकतात आणि पकडतात. चौथ्या पिनेचा एक पाय दुमडलेला होता. पकड नव्हतीच. कॅबिनेट आडवं असलं की हीटसिंक स्वतःच्या वजनानं प्रोसेसरवर टेकायचा, उभं केलं की तो कोपरा केसभर सुटायचा. माझ्या टेबलावर प्रत्येक मशीन आडवंच असतं. त्यांच्या ऑफिसात उभं. दोनदा तपासून मी दोन्ही वेळा बरं मशीनच बघितलं होतं.

पिन पहिल्यापासून तशी होती की माझ्या हातून दुमडली? पहिल्या दिवशी चकती काढल्याच्या आनंदात मी चार 'कट्ट' मोजले होते का, ते मला आठवत नाही. मोजले नसणार. दिवाणजींना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "आता नीट करा म्हणजे झालं. बाहेर माणसं पगाराला थांबल्यात."

पगारपत्रक त्या दिवशी कॅबिनेट आडवं टाकूनच निघालं. संध्याकाळी नवीन पिनांचा हीटसिंक बसवला, बोर्ड उलटा करून चारी पाय बॅटरीच्या उजेडात बघितले, आणि मशीन उभं करून तासभर तिथंच बसलो. ६१.

चार दिवसांनी सकाळी फोन. दिवाणजीच.

"ओ भाऊ, लाईट गेलीया आणि कॉम्प्युटरचा आवाजच येईना. बंद पडला वाटतंय."

"काका, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"दिसतंय की सगळं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माउस पण हलतोय."