प्लेटलेट्स आणि गांधी
आज आईला प्लेटलेट्स चढवल्या. मला वाटलं लालभडक पिशवी येईल, तर आलं पिवळट, गढूळसं काहीतरी. सिस्टर म्हणाल्या, या फ्रीजमध्ये नाही ठेवत, २० ते २४ डिग्रीला सारख्या हलवत ठेवतात आणि ५च दिवस टिकतात, लाल पेशी मात्र फ्रीजमध्ये ४२ दिवसांपर्यंत. पहिली १५ मिनिटं सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. नंतर आईच्या मानेवर गांधी उठल्या नि खाज सुटली, लगेच पिशवी बंद, सलाईन चालू, लेबल परत तपासलं, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन. प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्तातल्या पिवळट पाण्यातल्या, प्रोटीनमुळे होतं म्हणे बरेचदा. गांधी बसल्यावर तीच पिशवी हळू सुरू केली, पण थंडीताप, कंबरदुखी, दम असलं काही झालं तर परत लावत नाहीत. आणि आमच्या मातोश्री खाज सुटली तरी गप्प, का तर सिस्टरांना कशाला त्रास!