तीन तारे ही दादच आहे

गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या साइटवर पुस्तकाला तारे देताना तेथे प्रत्येक ताऱ्याला जो अर्थ ठरवून दिला आहे, तोच मी प्रमाण मानते. त्या पट्टीवर दोन तारे म्हणजे पुस्तक ठीक वाटले, तीन म्हणजे आवडले, चार म्हणजे फार आवडले. २०१३ साली ही साइट विकत घेणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या पट्टीवर मात्र 'आवडले' हा अर्थ चार ताऱ्यांना होता आणि तीन तारे 'ठीक' या शेऱ्यासाठी होते. त्यामुळे माझे तीन तारे पाहून लेखक नाराज होतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण मी त्यांच्या पुस्तकाला दादच दिलेली असते.

परीक्षण पूर्ण लिहून झाल्याशिवाय मी ताऱ्यांचा विचार करत नाही. पुस्तकाने स्वतः कोणती जबाबदारी पत्करली आहे, हे आधी पाहावे लागते. रहस्यकथेत उलगड्यासाठी लागणारे धागेदोरे वाचकाला वेळेवर मिळाले का, आणि चरित्रात नायकाच्या अडचणीच्या वर्षांवरून लेखक घाईने पुढे सरकला का, हे प्रश्न मला भाषेच्या सौंदर्याइतकेच महत्त्वाचे वाटतात. अनुवाद कच्चा असेल तर मूळ कृती थोर असूनही मी तारा कमी करते. वाचकाच्या हाती पडणार असतो तो अनुवादच. मुद्रितशोधनाच्या चुकांनी अर्थच बिघडत असेल, तर तेही गुणांकनात येते. किंमत किंवा कुरिअरचा उशीर यांचा येथे काहीही संबंध नाही.

खरी ओढाताण तीन आणि चार यांच्यामध्ये होते, कारण गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही. अशा वेळी मी काही दिवस थांबते आणि पुस्तक न उघडता त्यातले काय सांगता येते, ते पाहते. नुसते कथानक आठवले तर तीन. एखाद्या पात्राशी मनातल्या मनात वाद चालूच राहिला तर चार.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही जबाबदारी वाढते, कारण तेथे अनेकदा मोजक्याच वाचकांनी तारे दिलेले असतात. चौघांनी पाच-पाच तारे दिलेल्या पुस्तकाला मी दोन दिले, तर सरासरी एकदम ४.४ वर येते; हजारो वाचकांच्या इंग्रजी कादंबरीला माझ्या मताने काडीचाही फरक पडत नाही. म्हणून मी मराठी पुस्तकाला जास्तीचा तारा देत नाही, पण तीनपेक्षा कमी दिले तर कारणे पृष्ठक्रमांकांसह लिहिते. ओळखीच्या लेखकांच्या पुस्तकांवर मी लिहिते, पण त्यांना तारे देत नाही.