टेस्टिंग

रात्री साडेअकरा.

खोटं बोललो, एवढंच. तेही दहा-अकरा वर्षांच्या पोराशी. एवढ्यावर झोप उडायचं काही कारण नाही. तरी तासभर पंख्याकडे बघत पडलो आणि शेवटी उठून लिहायला बसलो.

वडणग्याच्या त्या रानातला ऊस गेल्या आठवड्यात तुटला, पाचटही पेटवून झालंय, म्हणून रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला जागा मोकळी मिळाली. सकाळी वारं पडलेलं. पहिली बॅटरी झकास गेली. शेपूट माझ्याकडे, छातीएवढी उंची, एका जागी. अगदी जमिनीलगत ठेवलं की ते स्वतःच्याच वाऱ्यावर घसरत राहतं, जरा वर न्यावं लागतं, हे कळायलाच मला महिना लागला होता. आज जेमतेम हातभर हलत होतं. चार महिन्यांची कमाई ती एवढीच. पण बरं वाटत होतं.

तेवढ्यात बांधावर ते पोरगं. सायकलला वैरणीचा भारा.

"काका, ह्येला खाली चेंडू कशाला लावल्यात?"

"कलंडू नये म्हणून."

"मग हिकडं तिकडं का फिरवत न्हाईसा? कवापास्नं एका जाग्यालाच हाय."

"टेस्टिंग चाललंय."

"दुरुस्तीला आलंय व्हय?"

"व्हय."

'शिकतोय.' चार अक्षरं. तोंडाशी आलीच नाहीत. ऑफिसात ज्याचं अडलं तो माझ्या टेबलाशी येतो, त्याची सवय म्हणावी, तर इथं कोण ऑफिसातलं होतं? पोरगं आणि दोन बगळे.

बरं, तिथंच थांबावं. नाही. दुसऱ्या बॅटरीला, त्याला दाखवायचं म्हणून, नाक माझ्याकडे फिरवलं. शेपूट आपल्याकडे आहे तोवर डावं ते डावं. नाक समोर आलं की स्टिक डावीकडे नेली तर ते आपल्या उजव्या हाताला जातं. मला पाठ आहे. रोज रात्री सिम्युलेटरवर अर्धा तास घोकतोय. बोटांना पाठ नाही. ते डावीकडे कललं, मी घाबरून उजवी दिली, ते आणखी डावीकडे. मोटर बंद करणारा थ्रॉटल होल्डचा खटका आठवला तो पाती ढेकळात घुसल्यावर.

"अजून बिघाड हाय वाटतं," पोरगं म्हणालं. आणि सायकल ढकलत गेलं. इतकं मनापासून म्हणालं की मीही मान डोलावली.

घरी येऊन मेन शाफ्ट, म्हणजे पाती फिरवणारा मधला दांडा, काचेवर घरंगळवला. दर फेऱ्याला एकदा उडी मारतोय. तुटकी पाती टेबलावरच राहिली होती. कुणी काही विचारलं नाही. ते वेगळंच.

सिकोर्स्कीनं १९३९ साली त्याचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं तेव्हा ते दोरांनी जमिनीला बांधलेलं होतं, आणि तो पन्नाशीचा होता. मी ४७. हे मी गेल्या चार महिन्यांत स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पण त्यानं ते बनवलेलं होतं हो! त्याचं टेस्टिंग म्हणजे टेस्टिंगच होतं.

अण्णा लेथवर शिकाऊ लागले तेव्हा दोन वर्षं नुसता चुरा झाडत होते म्हणायचे. असो.

शाफ्ट घेऊन दहाला उद्यमनगरात गेलो. सरळ करून परत घालण्यात अर्थ नाही, वरचं पात्यांचं डोकं मिनिटाला अडीच हजार फेरे घेतं. नवाच करायचा, ५ मिलिमीटरचा, दोन आरपार भोकं. मिस्त्रींनी तो चष्म्याजवळ धरून फिरवला.

"कशाचा ओ हा?"

"रिमोटच्या हेलिकॉप्टरचा."

"पोराचं खेळणं व्हय?"

रस्ताभर ठरवत आलो होतो की कुणी विचारलंच तर सरळ सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"हो," म्हणालो.

"मग पन्नास कमी द्या. लेकराचं काम हाय."

लेकरू २३ वर्षांचं आहे आणि बेंगळूरला असतं. मी पन्नास रुपये परत खिशात घातले. शाफ्ट परवा मिळेल.