आधी मधला लॉक, मग ईटीसी

रस्त्यावर तिरका चर आहे आणि लँड रोव्हरची डिस्कव्हरी २ त्यात उतरली आहे. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं जेमतेम टेकलेलं. लो रेंज (वेग कमी, जोर जास्त), पहिला गिअर, आणि मधला डिफ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये इंजिनची ताकद वाटणारा डिफरन्शियल, उघडा, लॉक न केलेला. रेस दिली की पुढचं डावं चाक एकटंच भिरभिरतं. ईटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल, ते पकडते, ब्रेक लावते. ते थांबतं न थांबतं तोच मागचं उजवं सुटतं. ईटीसी तिकडे धावते, तोवर पुढचं पुन्हा सुटलेलं. बॉनेटखालून एबीएसच्या पंपाचा कडकडाट ऐकू येतो, डॅशवर टीसीचा दिवा लुकलुकतो, आणि गाडी जागच्या जागी डुलत राहते.

तोच चर, तीच गाडी, फक्त मधला डिफ लॉक केलेला. आता पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकत्र बांधले गेले आहेत. त्यामुळे दोन्ही हलकी चाकं एकाच वेळी, सारख्याच वेगाने फिरतात. ईटीसी दोघांना एकदम ब्रेक लावते, जमिनीवरच्या दोन्ही चाकांना जोर मिळतो आणि गाडी रांगत बाहेर येते. पंप आत्ताही वाजतो, पण थोडाच वेळ.

हा फरक नीट समजला की बाकीचं सोपं आहे. साधा डिफ दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. वेग मात्र हवा तसा वाटून देतो. कायम फोर-व्हील चालणाऱ्या गाडीत असे तीन डिफ असतात: पुढे, मागे आणि मध्ये. तिन्ही उघडे असताना एक चाक हवेत गेलं, की चारही चाकांना मिळणारा टॉर्क त्या एका चाकाइतकाच, म्हणजे जवळपास शून्य. बाकीची तीन चाकं उभी असतील तर ते एकटं चाक चौपट वेगाने फिरतं. मधला लॉक लावल्यावर सुटायचंच झालं तर पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं एकत्र सुटावी लागतात, आणि तीही दुप्पट वेगाने. ईटीसीला चौपट वेगाचं चाक पकडण्यापेक्षा दुप्पट वेगाची दोन पकडणं कितीतरी सोपं जातं.

आकड्यांत बघू. फक्त पुढचं डावं चाक हवेत आहे आणि ईटीसीने त्यावर ६०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लावला. डिफ उघडे असतील तर उरलेल्या तिन्ही चाकांना प्रत्येकी ६००, म्हणजे गाडी ढकलायला १८००. चौथे ६०० ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन गेले. चढ इतका उभा असेल की १८०० पुरत नाहीत, तर ब्रेकचा दाब वाढवण्यापलीकडे ईटीसीच्या हातात काही नाही. मधला लॉक असेल तर मागची दोन्ही चाकं जमिनीची पकड असेल तेवढा टॉर्क थेट घेतात, ब्रेकची वाट बघत नाहीत. मागचं चाक घसरेपर्यंत पुढचं हवेतलं चाक सुटतच नाही. म्हणजे ईटीसीला कामच पडत नाही, आणि पॅड थंड राहतात. ब्रेक फार तापले तर बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा काही वेळ स्वतःला बंद करते, आणि ते नेमकं चढाच्या मध्यावर होतं.

म्हणून ‘ईटीसी आहे, मग लॉक कशाला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. लँड रोव्हरने मात्र एकदा तो करून पाहिला. १९९८ मध्ये आलेल्या डिस्कव्हरी २ मध्ये एलटी २३० ट्रान्सफर बॉक्सच होता, म्हणजे हाय-लो रेंज आणि मधला डिफ ज्यात असतो तो गिअरबॉक्समागचा डबा. सुरुवातीच्या गाड्यांत लॉकचे भाग आत बसवलेले होते, पण केबिनमध्ये त्याचा लिव्हर नव्हता. मधल्या काळात आतले भागही गेले. शेवटच्या काळातल्या, २००४ च्या मॉडेलांत लॉक परत मिळू लागला. ज्यांच्या गाडीत आतले भाग शाबूत होते त्यांनी गाडीखाली शिरून ट्रान्सफर बॉक्सवरच्या लॉकच्या दांड्याला १० मिमीचा पाना लावून तो फिरवायची युक्ती शोधली. अनेकांनी पुढे लिव्हर आणि त्याची जोडणी बसवून घेतली. वापरलेली डिस्कव्हरी २ घेताना म्हणूनच वर्षापेक्षा बॉक्स बघावा: दांडा आहे का, लिव्हर आहे का, आणि खरंच लॉक लागतो का. त्याच काळातल्या टीडी ५ इंजिनाच्या डिफेंडरमध्ये मात्र लिव्हर होताच आणि ईटीसी ऐच्छिक मिळत असे. माझ्या मते ही जोडी सर्वांत सरस.

आता वापर. लॉक अडचणीच्या आधी लावायचा. चाक फिरत असताना लावायचा नाही. आत दात्यांची क्लच असते. दोन शाफ्टच्या वेगात मोठा फरक असताना ती सरकवली तर दाते घासतात, तुटतात, सरकवणारा फोर्क वाकतो. गाडी सरळ, स्टीअरिंग सरळ, चाकांना पकड, अशा वेळी रेसवरचा पाय उचलून लिव्हर सरकवावा. एलटी २३० मध्ये पकड असताना चालत्या गाडीतही लॉक लागतो. लो रेंज मात्र गाडी थांबवून, किंवा अगदी रांगत असताना टाकावी. एलटी २३० मध्ये लो टाकली म्हणून लॉक आपोआप लागत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. लिव्हर सरकला तरी डॅशवरचा लॉकचा दिवा लगेच लागत नाही. दाते समोरासमोर यायला गाडी हातभर पुढे जावी लागते.

चढाला लो दुसरा, मोठ्या दगडांवर लो पहिला. डिझेल इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास स्थिर धरा. ईटीसी वाजायला लागली की अननुभवी माणूस दचकून पाय उचलतो. तिथेच घोळ होतो, कारण चाक मंदावलं की यंत्रणा दाब सोडते आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. पाय आहे तिथेच ठेवा, एक-दोन सेकंद थांबा, दाब वाढू द्या. उलट टोकाची चूक म्हणजे रेस पार दाबणं. वेगाने फिरणारं चाक अचानक दगडावर टेकलं की सगळा झटका चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या हाफ-शाफ्ट आणि सीव्ही जॉइंटवर येतो. मधला लॉक असताना तो झटका आणखी मोठा, कारण इंजिनचा सगळा टॉर्क त्या एका ॲक्सलकडे जाऊ शकतो.

वाळूत गणित बदलतं. तिथे चारही चाकं जवळपास सारखीच घसरतात, ईटीसीला तुलना करायला स्थिर चाकच मिळत नाही, आणि मध्येच लावलेला ब्रेक गाडीची गती खातो. वाळूत लॉक लावा, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, आणि गती तुटू देऊ नका. रस्त्यावर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ईटीसी ब्रेक लावते. स्थिरता नियंत्रण, म्हणजे ईएसपी किंवा व्हीएससी, गाडीचं तोंड फिरू नये म्हणून ब्रेक लावतंच, शिवाय इंजिनची ताकदही कापतं. चिखलात आणि वाळूत ही कापाकापी नको असते. मधला लॉक लागल्यावर तर स्थिरता नियंत्रणाचा आधारच जातो, कारण एका चाकाला लावलेला ब्रेक शाफ्टमधून दुसऱ्या ॲक्सलपर्यंत पोचतो. म्हणूनच टोयोटाच्या लँड क्रूझर प्राडोमध्ये मधला लॉक लावला की व्हीएससी आपोआप बंद होतं आणि ए-टीआरसी, म्हणजे टोयोटाची ईटीसी, चालू राहतं. बंदचा दिवा बघून बिघाड झाला असं समजू नये.

लॉक काढायला विसरणं हे सगळ्यांत महागात पडतं. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात. डिस्कव्हरीचा व्हीलबेस २.५४ मीटर. मागच्या ॲक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येने वळत असेल तर पुढच्याचा मध्य साधारण ६.५ मीटरने वळतो. नुसत्या काटकोनी वळणात पुढचा ॲक्सल सुमारे ८० सेंटिमीटर जास्त चालतो. टायरचा घेर २.३ मीटर आणि ॲक्सलचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ३.५४ धरलं, तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला मागच्यापेक्षा सव्वा फेरा जास्त हवा. लॉक असताना तो मिळत नाही. मातीत टायर थोडा घसरून फरक मिटवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि दात्यांत साठतो. स्टीअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, आणि लिव्हर काढला तरी दिवा विझत नाही कारण दाते पिळाखाली अडकलेले असतात. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नये. लिव्हर ‘काढला’ जागी ठेवून गाडी सरळ दोन-तीन मीटर मागे घ्यावी, तरी नाही सुटला तर स्टीअरिंग डावं-उजवं करत मागे यावं. टक् आवाज येतो आणि दिवा जातो. पुढे आणि मागे कमी-जास्त झिजलेले टायर असतील तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठतो.

थार, जिम्नी, गुरखा चालवणाऱ्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. या गाड्यांत मधला डिफ नसतोच. ४एच (फोर-व्हील, हाय रेंज) टाकलं की दोन्ही शाफ्ट बांधले गेले, म्हणजे मधला लॉक लागलेलाच. ब्रेकवर चालणारी यंत्रणा, जिथे आहे तिथे, त्यावर काम करते. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या पण पक्क्या डांबरावर ४एच ठेवून सलग वळणं घेणारे वर सांगितलेला पीळच साठवत असतात.

ईटीसीचे कान म्हणजे चाकातले वेगाचे सेन्सर. त्यांची वायर हबजवळ ताणली, तुटली किंवा जोडणीत पाणी गेलं की एबीएसचा दिवा लागतो. तो दिवा लागलेला असेल तर ईटीसी नाही असंच धरून चाला. लॉक मात्र या सगळ्यापासून स्वतंत्र, निव्वळ यांत्रिक. त्याचा दिवा पेटवणारा स्विच खराब होतो, त्यामुळे दिवा नाही म्हणून लॉक नाही असं होत नाही, आणि उलटही.

खात्री करायची पद्धत अशी. एलटी २३० च्या गाड्यांत हॅंडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. सपाट जागी हॅंडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण लावा, गिअर न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफर हायमध्ये, इंजिन बंद. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. लॉक काढलेला असेल तर ते फिरतं. मग गाडी खाली घ्या, हातभर चालवून लॉक लावा, पुन्हा उचला. आता शाफ्टमधल्या किंचित ढिलाईपलीकडे चाक हललं नाही पाहिजे. फिरलं तर जोडणी आतपर्यंत पोचत नाही.

याच हॅंडब्रेकमुळे मागचं चाक बदलताना मधला लॉक लावणं अत्यावश्यक आहे. लॉक नसताना मागचं एक चाक उचललं, की शाफ्ट धरलेला असूनही मागचा डिफ उचललेल्या चाकाला उलटं फिरू देतो आणि जमिनीवरचं चाक घरंगळतं. गाडी जॅकवरून सुटते. लॉक असेल तर हॅंडब्रेक पुढचा शाफ्टही धरतो. आधी लॉक, दिवा बघा, अडण लावा, मग जॅक.