दहा रुपये भरू का, दादा?

"दादा, कंपनीचा माणूस आमच्या कॉम्प्युटरमधी शिरलाय. दहा रुपये भरा म्हणायलाय. भरू का?"

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा, दुसरा दिवस होता. येळवशीला सगळं लातूर शेतात असतं, बाजारात चिटपाखरू नसतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडलं की कामाचा ढीग पडतो. एका हातात कुणाच्या तरी कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, खांद्यात फोन दाबलेला, आणि पलीकडून काकूंचा हा प्रश्न. हातातलं काम टेबलावर टाकलं.

"काकू, काहीच भरू नका. माऊस कोण हलवायलंय?"

"कुणीच नाही. आपोआप हलायलाय."

"तो दिवे लुकलुकणारा इंटरनेटचा डबा आहे ना, त्याचं बटण आधी बंद करा. आत्ता. मी फोनवरच आहे."

खट्ट असा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "थांबला." मी शटर अर्धं ओढलं, शेजारच्याला सांगितलं आणि खाडगाव रोडला गाडी काढली.

काकू बचत गट चालवतात. येसर, काळा मसाला, ज्वारीच्या कण्या. कुटायला, भाजायला दहा-बारा बायका आहेत, पण पाकिटावरचं लेबल काकूंच्याच घरी छापलं जातं. रंगीत डिझाइन, गटाचं नाव, हिरवा ठिपका, चौदा आकडी परवाना क्रमांक हे सगळं प्रेसमधून स्टिकरच्या पानांवर आधीच छापून आणतात. एका पानावर चोवीस लेबलं. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि किंमत मात्र दर घाण्याला बदलते, म्हणून ती घरच्या लेझर प्रिंटरवर. एवढ्या तीन-चार ओळींसाठी दर वेळी प्रेसला कोण जाणार? हा प्रिंटर मीच त्यांना सेकंडहँड घेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनगरच्या प्रदर्शनाला जायचं होतं आणि पाचशे पाकिटं बिनतारखेची पडून होती.

घरात पोचलो तर कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पानंच पानं. एक उचललं. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चौकोन यांची एकच ओळ, खाली सगळं कोरं. दुसरं उचललं, तेही तसंच. काकूंचा भाचा, बारावीला आहे, नीटच्या क्लाससाठी त्यांच्याकडे राहतो, तो भिंतीला टेकून उभा होता. रडवेला झाला होता. मी पानं मोजली, एकतीस भरली. म्हणजे ७४४ लेबलं कचऱ्यात. शिल्लक एकोणतीस.

ही एक ओळ पाहिली की आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल की ड्रायव्हर चुकीचा पडलाय. घरी असतात त्यातले बरेचसे छोटे लेझर प्रिंटर स्वतः पान मांडत नाहीत. पानाचं पूर्ण चित्र कॉम्प्युटर तयार करतो आणि ड्रायव्हर ते त्या प्रिंटरला कळेल अशा बोलीत पोचवतो. दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर असला की प्रिंटरला काही उमगत नाही. तो आलेली आज्ञाच अक्षरं समजून कागदावर छापतो, एक ओळ झाली की पान बाहेर टाकतो आणि पुढचं घेतो. ट्रे रिकामा होईपर्यंत.

पण एवढ्यानं उलगडा होत नव्हता. भाच्यानं नवा ड्रायव्हर शोधायला घेतला, म्हणजे आधीच काहीतरी बिघडलेलं होतं. मी विचारल्यावर काकूंनी मसाल्याच्या डब्यांमागून एक पाकीट काढून हातात दिलं. "हे गिऱ्हाइकानं परत आणलं. तारीख कुठंय म्हणाला."

लेबलवर तारखेच्या जागी राखाडी डाग होता. काकूंनी दुसरं, न विकलेलं पाकीट पुढं केलं. त्यावरच्या तारखेवरून मी अंगठा फिरवला. "२०२५" मधला ५ माझ्या अंगठ्याला आला.

"दिवाळीपासून असंच पुसायलंय," काकू म्हणाल्या. मधल्या काळात त्यांनी प्रत्येक लेबलवर पारदर्शक टेप चिकटवली होती. पाचशे पाकिटांना टेप लावायची तर रात्र पुरली नसती.

दिवाळीपासून, हा शब्द मी धरून ठेवला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळीत पुण्याहून काकूंचा मुलगा आला, त्यानं एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली, फॉरमॅट मारला आणि विंडोज ११ घातलं. काम चांगलं केलं त्यानं, मी नावं ठेवणार नाही. प्रिंटरची वायर जोडली, विंडोजनं आपणहून एक ड्रायव्हर लावला, साध्या कागदावर चाचणीचं पान स्वच्छ आलं. झालं, सगळ्यांना वाटलं प्रिंटर लागला.

ड्रायव्हरची चूक ध्यानात येत नाही ती इथंच. पान छापून आलं म्हणजे ड्रायव्हर बरोबर आहे असं नाही. लेझरची शाई म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड असते. ती साधारण १८० ते २०० अंश तापलेल्या रुळाखाली दबून, वितळून कागदाला धरते. स्टिकरचं पान जाड असतं. वरचा कागद, मधला गोंद, खालचा मेणचट कागद असे तीन थर उष्णता पिऊन टाकतात. म्हणून त्याला आच जास्त द्यावी लागते किंवा पान सावकाश सोडावं लागतं. हे प्रिंटरला कोण सांगतं? ड्रायव्हरमधला "पेपर टाइप" हा पर्याय. तिथं "लेबल्स" निवडलं की प्रिंटर तसा वागतो. विंडोजनं लावलेला ड्रायव्हर कामचलाऊ होता, त्यात तो पर्यायच नव्हता. प्रत्येक स्टिकर साध्या कागदाच्या आचेवर निघत होता. तवा तापायच्या आधी टाकलेल्या भाकरीसारखा, दिसायला भाकरी पण आत कच्ची.

काकूंना हे एवढंच सांगितलं, तवा तापत नाही. त्यांना पटकन कळलं. भाच्याला मात्र मी शेजारी बसवून घेतलं, कारण त्याच्यावर कुणी चिडलं असतं तर पुढच्या वेळी त्यानं लपवलं असतं. पोराचा विचार बरोबर होता, ड्रायव्हर नीट करायला हवा हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं मॉडेलचं नाव टाकून ड्रायव्हर शोधला. सगळ्यात वर जे आलं ती जाहिरात होती, कंपनीचं पान नव्हतं. मोठं हिरवं बटण. दाबलं तर ड्रायव्हर नाही, "सगळे ड्रायव्हर अपडेट करतो" असं सांगणारा एक प्रोग्रॅम आला. त्यानं लाल अक्षरांत सतरा ड्रायव्हर जुने दाखवले, प्रिंटरला भलताच ड्रायव्हर घातला आणि खाली मदतीचा फोन नंबर दिला. फोनवरच्या माणसानं स्क्रीन दिसायला एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि नोंदणीचे दहा रुपये नेटबँकिंगमधून भरायला सांगितले. दहा रुपयांवर त्याचा डोळा नव्हता, पासवर्ड आणि ओटीपी टाइप होताना त्याला बघायचं होतं. नेटबँकिंगचं पान उघडलेलंच होतं. काकूंनी चष्मा शोधायला म्हणून हात थांबवला आणि तेवढ्यात मला फोन केला. प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनी फुकट देते, त्याला नोंदणी नसते, हे तेव्हा त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचा काय दोष? मी चार वर्षं त्यांच्याकडे टोनर भरायला जातोय, मीही कधी सांगितलं नव्हतं.

आधी बँक. काकूंच्या मोबाइलवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावून नेटबँकिंग बंद करून घेतलं, मेलचा पासवर्ड मोबाइलवरूनच बदलला. पैसे गेले असते तर क्षणाचाही वेळ न लावता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला असता. गेले नव्हते, म्हणून त्या माणसाचा नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलच्या "चक्षू" मध्ये कळवला. ती सोय अशा, पैसे जाण्याआधीच्या फसवणुकीसाठीच आहे.

मग कॉम्प्युटर. वीस मिनिटं परका माणूस आत होता, तेव्हा माझ्या मते फॉरमॅटच मारायला हवा. पण त्या रात्री तेवढा वेळ नव्हता. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप आणि तो अपडेटवाला प्रोग्रॅम काढून टाकले आणि इंटरनेट बंदच ठेवलं. प्रदर्शनाहून परतल्यावर सगळं पुसून नव्यानं टाकायचं, तोवर यावर बँक उघडायची नाही, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात ते केलंही.

ड्रायव्हर मी माझ्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवर उतरवला. प्रिंटर उलटा करून मागच्या स्टिकरवरचं मॉडेल अक्षर न अक्षर वाचून घेतलं. पुढचा एक आकडा किंवा शेवटचं एक अक्षर बदललं की ड्रायव्हर बदलतो. कंपनीचा पत्ता वर स्वतः टाइप केला, शोधून आलेल्यावर क्लिक केलं नाही. यादीत विंडोज ११ नव्हतंच. विंडोज १० चा ६४ बिटचा होता, तो या मॉडेलला ११ वर चालतो हे मी आधी दोन ठिकाणी केलेलं. फाइलवर राइट क्लिक करून डिजिटल सिग्नेचरमध्ये कंपनीचं नाव बघितलं आणि पेनड्राइव्हवर घेतली.

जुना काढणं हे खरं काम. नुसता प्रिंटर डिलीट केला तर ड्रायव्हर आतच राहतो आणि वायर जोडली की तोच परत येऊन बसतो. प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग, थांबवला, अडकलेली कामं स्पूलच्या फोल्डरमधून साफ केली, पुन्हा चालू केला, मग प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दोन्ही ड्रायव्हर पॅकेजसकट उडवले. यूएसबीची वायर काढून ठेवली. ही वायर इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावायची. बरेच जण आधी लावतात आणि विंडोज पुन्हा आपलं कामचलाऊ घालून मोकळं होतं.

भाच्यानं विचारलं, "मग दर महिन्याला अपडेट बघायचं का?" नाही. घरच्या प्रिंटरला तशी गरज नसते. विंडोज बदललं, प्रिंटर बदलला किंवा छापण्यात फरक पडला की बघायचं. सुरक्षेचं म्हणशील तर विंडोजचे अपडेट मात्र अडवायचे नाहीत. २०२१ च्या जुलैत प्रिंट स्पूलरमधलीच मोठी फट सापडली होती, प्रिंटनाइटमेअर म्हणायचे तिला, आणि ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं महिन्याच्या ठरल्या दिवसाची वाट न बघता काढला होता. शिवाय प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवणार, असंही मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलंय. म्हणजे जुन्या प्रिंटरवाल्यांनी आपल्या ड्रायव्हरची फाइल स्वतः जपून ठेवलेली बरी. पेनड्राइव्ह मी तिथंच, प्रिंटरच्या झाकणाला टेपनं चिकटवून ठेवला.

आता पर्याय दिसला. पेपर टाइप, लेबल्स. काकू म्हणाल्या, चाचणीला ती खराब झालेलीच पानं वापर. मी नको म्हटलं. एकदा तापलेल्या स्टिकरचा गोंद सैल होतो, दुसऱ्यांदा घातलं तर लेबल आतल्या रुळाला चिकटतं आणि प्रिंटरच जातो. नवं एकच पान हातानं भरलं, मागचं दार उघडलं म्हणजे पान न वळता सरळ बाहेर पडेल. पान नेहमीपेक्षा सावकाश आलं. नुसत्या त्या संथ आवाजावरूनच मला कळलं.

काकूंनी पान निववू दिलं. मग अंगठा फिरवला. मग अंगठा ओला करून फिरवला. तारीख हलली नाही. त्यांनी नखानं खरवडून बघितलं, तेव्हा कुठं वरचा पापुद्रा निघाला, तोही कागदासकट.

पाचशे लेबलांना एकवीस पानं लागतात. एक चाचणीला गेलं होतं, हाताशी अठ्ठावीस होती. एकेक पान घालत नऊ वाजले. स्वयंपाकघरात गटातल्या चार बायका येऊन बसल्या होत्या, पान निघालं की लेबल सोलायचं आणि पाकिटावर दाबायचं. घरभर येसराचा वास होता. आदल्या दिवशीची आंबील उरली होती, ती काकूंनी मला तांब्याभर दिली.

शेवटची दोन पानं राहिली असताना काकूंचा फोन वाजला. तोच नंबर. भाचा माझ्याकडं बघायला लागला. काकूंनी नंबर वाचला, फोन पालथा घातला आणि पुढचं पान ट्रेमध्ये सरकवलं.