वारा कुणाला घालायलास?

गाडीच्या मागं ओढायचं घर धाकट्या भावानं पुण्याकडून आणलं. जुनं, पांढऱ्या पत्र्याचं. लातुरात आमच्या गल्लीत ते उभं राहिलं तेव्हा पोरांना वाटलं, रक्तदानाची गाडी आली. शेजारच्या एका आजोबांनी तर बाही वर सारत विचारलं, "शुगर फुकट तपासता का?"

आत दोन गाद्या, एवढासा ओटा, भिंतीला कपाटं आणि छपरात बसवलेला एक टनाचा एसी. त्या एसीवर भावाचा भारी जीव. मे महिन्यात वेरूळला जायचं, असं त्यानं त्याच्याच जोरावर ठरवलं होतं. मे महिन्यात लातुराहून माणसं महाबळेश्वरला जातात, आम्ही निघालो संभाजीनगरला.

निघायच्या आदल्या दुपारी त्यानं कौतुकानं दार उघडलं आणि आतून भट्टीची झळ आली. मी गादीवर हात टेकला नि लगेच उचलला. एसी लावून अर्धा तास झाला तरी आत बसवेना. हवा गार येत होती, पण गाद्या, प्लायवुड, कपाटातली ताटं-वाट्या असं सगळंच तापलेलं. हवा पाच मिनिटांत गार होईल, पण सामान आपली ऊब सावकाशच सोडतं. उन्हातून आलेल्या माणसाचा राग असतो ना, तसंच ते.

बरं, हा एसी चालणार तो प्लगवर. रस्त्यावर प्लग कुठला? बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासाची बॅटरी होती. म्हणजे हिशोबानं 1200 वॅट-तास. एसी तेवढी तासाभरात चाटूनपुसून रिकामी करतो. छपरावरच्या सौर पट्टीवर पंखा फिरे, तेवढंच. पुढच्या गाडीचा एसी मागं पोचत नाही, आणि गाडी चालू असताना ओढत्या घरात माणसांनी बसायचंही नसतं. सगळा प्रश्न मुक्कामाचा होता. दिवसभर उन्हातून ओढत नेलेलं घर संध्याकाळी दार उघडल्यावर निदान शिरण्याजोगं असावं, एवढंच.

आई ओसरीवरून हे सगळं बघत होती. आईचं माहेर औशाकडचं, माळवदाचं. सागवानी तुळया, वर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यातल्या भर दुपारी त्या घरात गेलं की क्षणभर काही दिसायचंच नाही, आधी अंगाला गारवा लागायचा. दुपारभर ऊन ती माती तापवत बसे, आणि ऊब खाली उतरेपर्यंत बाहेर रात्र झालेली असे. तोवर सगळे अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेले. आता गावात त्याच घरावर पत्रे आहेत. दर पावसाळ्याआधी माती कोण टाकणार, हा प्रश्न खराच आहे. पण पत्रे आले आणि दुपारचं घर गेलं. लोक पत्र्यावर पाचट टाकतात, तुराट्या टाकतात, चुना मारतात. भोपळ्याचा वेल चढवतात, तो तर मला सगळ्यांत आवडतो.

"ह्या पत्र्यावर पाचट टाकून ने की," आई म्हणाली. हायवेवर ऐंशीच्या वेगानं उडणारं पाचट डोळ्यांपुढं येऊन आम्ही हसलो. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ऊन बाहेरच अडवायचं. काचेतून आत आलं की मग आतून कितीही जाड पडदा लावा, ते आलंच. म्हणून भावानं चकचकीत फॉइलचे तुकडे कापून काचांना बाहेरून बसवले. छपरातलं झाकण चार बोटं उघडं ठेवलं, तापलेली हवा वरून निघून जावी म्हणून. माळवदाला धूर जायला नि उजेड यायला सवणं असायचं, ते आठवलं.

इथवर ठीक होतं. पण भावाला कुठूनसं कळलं होतं की अमेरिकेच्या कोरड्या भागात 1950 च्या सुमारास लोक मोटारीच्या खिडकीला पाण्याचा कूलर अडकवत. नळकांड्यासारखा डबा, आत भिजलेली जाळी. गाडी पळाली की वारा आपोआप त्यातून गार होऊन आत येई. यात मला नवल वाटलं नाही. लहानपणी ट्रकच्या पुढं जाड कापडाची पाण्याची पिशवी लटकलेली असायची. बाहेरून पाझरून ओली झालेली, धूळ बसून मातकट झालेली. एकदा बंद पडलेल्या एसटीतून उतरलो तेव्हा एका ड्रायव्हरकाकांनी तिचं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं होतं. कापडाचा वास होता त्याला, आणि दात शिवशिवले होते.

आपल्या उन्हाळ्याचा हा एक गुण. हवा इतकी कोरडी की पाणी नुसतं दाखवलं तरी पिऊन टाकते. 42 अंशांची हवा ओल्या वाळ्यातून गेली की 27-28 वर येते. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी काढायला एक टनाच्या एसीला 11-12 मिनिटं लागतात. मृगाचा पाऊस पडला की मात्र हाच कूलर नुसता चिकचिकाट करतो.

भावानं तेलाचा रिकामा डबा कापला, वाळा भरला, वर ठिबकची नळी सोडली आणि ते धूड पुढच्या खिडकीत बसवलं. वारा पुढून शिरला तर निघायला वाट हवी, म्हणून मागची खिडकी फटीएवढी उघडी. टाकीत वीस लिटर पाणी. तिथं मात्र माझा जीव अडला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते याच लातुरात, आणि आमच्या घरी अजूनही भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं. लातूरच्या माणसाला गारवा लागला तरी डोक्यात घागरी मोजणं चालूच असतं.

आई एवढा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "आरं, पण चालत्या गाडीत आत कोण ऱ्हाणार हाय?"

"कुणी नाही."

"मग वारा कुणाला घालायलास?"

भाऊ काहीच बोलला नाही. डबा तसाच राहिला.

अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा. घाटाखाली थांबून बघितलं तर आत खरंच बरं होतं. भावानं आईकडं पाहिलं, आईनं डोंगराकडं. बीडच्या पुढं रस्त्याचं काम लागलं आणि मागच्या फटीतून सगळा धुरळा आत ओढला गेला. गेवराईजवळ मावसभावाच्या शेतातल्या आखाड्यावर पोचलो तेव्हा गाद्यांवर काळ्या मातीची साय धरली होती आणि ओल्या वाळ्याचा चिखल झाला होता. भावानं चिडून बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, पंखा डब्याकडं वळवून कूलर आणि एसी दोन्ही एकदम लावले. एक हवेत पाणी सोडतोय, दुसरा तेच गाळून काढतोय. त्यात व्होल्टेज इतकं कमी की एसी घरघर करून बंद पडायचा.

खरी लाइट आली रात्री अकराला. त्या आठवड्यात शेतातल्या पाण्याच्या मोटारींची थ्रीफेज लाइट रात्रपाळीला होती. एसी लागला आणि काय सांगू, तासाभरात महाबळेश्वर. पण तोवर बाहेरच वारं सुटलं होतं. आई लिंबाखाली बाजेवर कधीच झोपली होती. मावसभाऊ सतरंजीवर घोरत होता, आमची मुलं त्याच्या दोन्ही बाजूंना.

"ताई, तू जाऊन झोप ना आत," भाऊ म्हणाला.

"तू जा."

तोही गेला नाही. उशी घेऊन माझ्या शेजारी येऊन पडला. मग काही आठवल्यासारखा उठला, मावसभावानं दिलेली केशर आंब्यांची पेटी उचलून आत ठेवली आणि दार हलकेच लावून घेतलं.