सरांनी धरलेला कान

शाळेचं पत्र आलं तेव्हा मी सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात होतो. 'अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत.' पत्र दोनदा वाचलं, हातातला पाना बाजूला ठेवला. चार शब्द म्हटल्यावर मला खरोखर चारच आठवले: होल्ड, ग्रिप, क्लिंग आणि फासन. चारही इंग्रजीच्या सरांचे.

शाळेची घंटा, प्रार्थना, मैदानाकडच्या पत्र्याच्या खोल्या, फाटकाबाहेरचा चिंचा-आवळ्यांचा गाडा, हे सगळं तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे. आमच्या १९८६च्या बॅचला 'सर' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. आठवी संपेपर्यंत आम्ही एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे रूपं घोकणं. होल्ड-हेल्ड-हेल्ड, कॅच-कॉट-कॉट, बाइंड-बाउंड-बाउंड, क्लिंग-क्लंग-क्लंग. अर्थ विचारला की निम्म्या क्रियापदांना एकच उत्तर, पकडणे.

नववीत सर आले. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर वाक्य पडलं, 'द चाइल्ड क्लंग टु इट्स मदर.' मी वहीत लिहिलं, 'मुलाने आईला पकडले.' सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "पोलीस चोराला पकडतो रे. लेकरू आईला काय करतं? पुस्तकातलं नको, घरातलं सांग." मी गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बिलगतं, सर." सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! खडू घेतला आणि तासभर फळा भरत राहिले. क्लेंच म्हणजे मूठ आवळणं, दातावर दात आवळणं. क्लच म्हणजे जाईल या भीतीनं घट्ट धरणं. क्लास्प म्हणजे मायेनं हात हातात घेणं. सीझ म्हणजे झडप घालणं, आणि सरकारनं घातली तर जप्ती. ग्रॅस्प मुठीनंही होतं आणि डोक्यानंही. "आपल्याकडेही तसंच आहे," सर म्हणाले, "पाणिग्रहणात हात धरायचा आणि अर्थग्रहणात अर्थ."

मग ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा कान धरला. पिळला नाही, नुसता दोन बोटांत धरला.

"मी काय केलं? इंग्रजीत सांग."

"यू कॉट माय इअर, सर."

"चूक. आय कॉट यू बाय द इअर. मराठीत आपण कान धरतो. इंग्रजीत माणूस धरायचा, कान नुसता पकडायची जागा."

हाताला धरलं, कॉलरला धरलं, सगळ्याला तेच 'बाय द'. ते बोर्डाच्या परीक्षेत मला कामाला आलं आणि पुढे जिथं जिथं इंग्रजी लिहायची वेळ आली तिथंही आलं.

त्याच तासाला घडलेली दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती वाहून त्यांच्या बोटांच्या पेरांत पिवळा रंग कायमचा बसला होता. वर्गात मी वडील 'व्यापाऱ्याकडे असतात' एवढंच सांगायचो. सरांना कुठून कळलं होतं, देव जाणे. ग्रिप शब्द आला तसे ते म्हणाले, "हे आपल्याला हाच शिकवेल. वडील पोतं कसं उचलतात ते दाखव बघू." मी उठलो. कान तापले होते. टेबलावर सरांची पिशवी होती, तिलाच पोतं मानलं. गुडघ्यात वाकलो, उजव्या हातानं लोखंडी हूक टोचल्यासारखं केलं, डाव्या हाताची बोटं खालच्या कोपऱ्यात घातली आणि पाठ वळवून ओझं खांद्यावर घेतलं. वर्ग हसला नाही. सर म्हणाले, "बघा, बोटं कशी रुतली! याला म्हणायचं ग्रिप." मग दाभण आणि सुतळीनं पोत्याचं तोंड कसं शिवतात तेही माझ्याकडून वदवून घेतलं आणि त्यावर फासन, म्हणजे पक्कं बांधणं, हा शब्द दिला. त्यातला टी बोलायचा नाही, लिसनमधल्यासारखा. फास्ट म्हणजे आधी घट्ट, पक्कं. म्हणून पक्का रंग तो फास्ट कलर आणि गाढ झोप ती फास्ट अस्लीप.

त्या दिवसानंतर मी वडिलांचा डबा घेऊन यार्डात उजळ माथ्यानं जायला लागलो.

आज माझा नट-बोल्टांचा कारखाना आहे. आमच्या धंद्यात त्यांना फास्टनरच म्हणतात. आयटीआयमधून नवीन पोरगा आला की मी त्याला पाना देतो आणि सरांसारखं विचारतो, "बोल्ट धरतो म्हणजे काय करतो?" बोल्ट आवळला की केसभर ताणला जातो आणि पुन्हा आखडायला बघतो. त्या ओढीनं दोन भाग एकमेकांना दाबून राहतात. पान्याला लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो, जेमतेम दहा टक्के पकडीला मिळतो. म्हणून नुसतं ताकदीनं आवळणारा आटे घालवतो.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, ते चांगलंच झालं. पण माझा नातू आईला 'होल्ड' करतो, बॉल 'होल्ड' करतो, सायकलही 'होल्ड' करतो. बिलगणं, कवटाळणं, आवळणं, जखडणं हे त्याच्या कानावरच नाही. सर इंग्रजी शिकवता शिकवता आमचं मराठी भरत होते, हे तेव्हा आम्हाला कुठं कळलं! आता ते सांगायला सर नाहीत. त्यांच्या आजारपणात दोनदा जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा ऑर्डरी आडव्या आल्या. ती बोच जात नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात पुरुषभर पाणी होतं. बोटीत चढताना आईनं कागदपत्रांची पिशवी छातीशी अशी धरली होती की बोटीवरच्या जवानानं हात पुढे केला तरी सोडेना. मला त्या गडबडीतही सरांचा फळा दिसला, क्लच. पाणी उतरल्यावर ट्रंकेत नववीची वही सापडली. चिखलानं पानं चिकटली होती. उन्हात वाळवून एकेक सोडवली. शाईची पानं गेली, बॉलपेनाची राहिली.

सरांच्या त्या यादीत एकतीस क्रियापदं होती. माझ्याकडे आता एकोणीस उरली आहेत, सीझपर्यंतची. १९८६च्या 'ब' तुकडीतल्या कुणाकडे ती वही असेल तर समारंभाला येताना घेऊन या. मी बसून उतरवून घेईन.